योगासनांची चित्रफीत निवडतांना

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं घडलेल्या एका प्रसंगापासून प्रस्तुत विषयास आरंभ करितों. माझा नववींत शिकणारा मुलगा मोबाईल भिंतीशीं टेकवून, त्यावरील चित्रफीत पाहत सर्वांगासन करीत होता. पाय वर गेल्यावर, शिक्षिका पुढें काय करीत आहेत हें दिसावें म्हणून त्यानें मान बाजूस वळविली, आणि लगेच ओरडून तो सतरंजीवर आडवा झाला. मान लचकण्यावरच निभावलें, हें सुदैव. तरी चार दिवस त्यास उजवीकडे पाहतां येईना. त्या चित्रफितीच्या मथळ्यांत 'नवशिक्यांसाठीं' असें ठळक अक्षरांत लिहिलेलें होतें, आणि ती त्याला मींच शोधून दिलेली होती.

तेव्हांपासून या 'नवशिक्या' शब्दाचा मीं बराच विचार केला. शाळेंत इयत्ता पांचवी म्हटलें म्हणजे मुलास काय येतें व काय शिकावयाचें आहे, हें ठरलेलें असतें. चित्रफितींना असा कोणताच अभ्यासक्रम बांधलेला नाहीं. एकीच्या मतें नवशिका म्हणजे आयुष्यांत प्रथमच सतरंजी अंथरणारा, तर दुसरीच्या मतें वर्षभर सूर्यनमस्कार घालून शीर्षासनाकडे वळणारा. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'लाइट ऑन योगा' या ग्रंथांत आसनांना काठिण्याचे अंक दिले आहेत. ताडासनास १, आणि तेथून चढत चढत ६० पर्यंत. जेथें त्यांना साठ पायऱ्या लागल्या, तेथें चित्रफिती करणारे सोपें, मध्यम व कठीण अशा तीनच पायऱ्यांवर काम भागवितात!

म्हणून प्रथम पारख करावयाची ती स्वतःची. पाठ ताठ ठेवून पांच मिनिटें मांडी घालून बसवतें काय? गुडघे न वांकवितां खालीं वांकल्यास बोटें कोठवर पोहोंचतात, गुडघ्यांपर्यंत कीं घोट्यांपर्यंत? तीन सूर्यनमस्कार घातल्यावर धाप न लागतां एक पूर्ण वाक्य बोलतां येतें काय? हीं उत्तरें मनासारखीं आलीं नाहींत, तर मथळ्यावर कांहींही लिहिलेलें असो, अगदीं सावकाश चालणारी चित्रफीत घ्यावी. लांबीवरून फसूं नये. दहा मिनिटांत वीस आसनें धांवत उरकणारी चित्रफीत ही पाऊण तासाच्या संथ वर्गापेक्षां पुष्कळच कठीण असते.

निवडलेली चित्रफीत पहिल्या दिवशीं केवळ बसून पाहावी. शिक्षकांचें संपूर्ण शरीर, तेंही बाजूनें, दिसतें काय? (समुद्रकिनाऱ्यावर घेतलेल्या कित्येक चित्रफितींत सूर्यास्त उत्तम दिसतो, टांच मात्र दिसत नाहीं.) श्वास केव्हां घ्यावा व केव्हां सोडावा हें ते सांगतात काय? आसनांत जाण्याइतकेंच त्यांतून बाहेर येणेंही शिकवितात काय? ज्याचें अंग ताठ आहे त्यास भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार दाखवितात काय? विटा, पट्टे व खुर्च्या यांचा उपयोग अय्यंगारांनींच जगभर रूढ केला. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. उच्च रक्तदाबाच्या अथवा काचबिंदूच्या रोग्यानें डोकें खालीं करावयाचीं आसनें टाळावींत, असें जी चित्रफीत स्पष्ट बजावीत नाहीं, ती आपल्या आईवडिलांच्या हातीं देऊं नये. त्यांनीं तर आधीं डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

परंतु सर्वांत महत्त्वाची कसोटी मला मुलाच्या मानेनें शिकविली. ती अशी कीं, चित्रफीत कानांनीं निवडावी. डोकें खालीं किंवा मागें गेलेलें असतां पडद्याकडे पाहतां येत नाहीं, आणि पाहूंही नये. यास्तव मोबाईल पालथा ठेवून पांच मिनिटें नुसतें ऐकावें. केवळ शब्दांवरून हात, पाय व श्वास यांचा क्रम कळत असेल, तर ती चित्रफीत आपल्या कामाची. येथेंच भाषेचा प्रश्न येतो. शिक्षक कितीही नामांकित असोत, त्यांचें इंग्रजी समजून घेण्यांतच आजीचा श्वास अडकत असेल, तर मराठींतील एखादी साधी चित्रफीत बरी.

आरंभासाठीं एक सुरक्षित वाट आहे. २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन २०१५ पासून पाळला जातो. त्यानिमित्त भारत सरकारच्या आयुष मंत्रालयानें सुमारें ४५ मिनिटांचा एक सामान्य योगक्रम ठरविला असून त्याच्या चित्रफिती विनामूल्य पाहावयास मिळतात. मान, खांदे, कंबर व गुडघे सैल करण्यापासून तो सुरू होतो, आणि त्यांत शीर्षासनही नाहीं व सर्वांगासनही नाहीं. प्रथम त्यांतील अर्धाच भाग केला तरी पुरे.

चित्रफीत आपणांस दिसते. आपण तिला दिसत नाहीं. म्हणून पहिले कांहीं दिवस घरांतील कोणीं तरी जवळ बसून पाहावें, आणि मुलांनीं आपलीं आसनें शाळेंतील व्यायामशिक्षकांना एकदां करून दाखवावींत.

आमच्या घरीं आतां चित्रफीत बदलली आहे. सकाळीं मोबाईल टेबलावर पालथा असतो व नुसता आवाज ऐकूं येतो. सर्वांगासनाऐवजीं मुलगा भिंतीला पाय वर टेकवून स्वस्थ पडून राहतो, आणि कधीं कधीं त्याच्या शेजारीं त्याची आईही.