भंगारात काढण्याआधी डिस्क बघा

प्रश्न : माझा लॅपटॉप 2016 सालचा आहे. आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम. विंडोजचं अपडेट आलं की तो आणखीच रेंगाळतो. सुरू होईपर्यंत चहा होतो. दुकानदार म्हणतो, भंगारात काढा. अपडेटने यंत्र सुधारायचं सोडून बिघडतं कसं? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : बाई, इतक्यात भंगारात काढू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'डिस्क'च्या रकान्यात 100 टक्के दिसत असेल आणि सीपीयू मात्र दहा-वीस टक्क्यांवर निवांत असेल, तर चोर सापडला.

त्या काळच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा फिरती हार्ड डिस्क असे, मिनिटाला 5400 फेरे घेणारी. माहितीचा प्रत्येक तुकडा गाठायला तिचं वाचणारं टोक इकडून तिकडे सरकतं. एका खेपेला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला शंभरेक खेपा झाल्या तरी खूप. अपडेट म्हणजे हजारो बारक्या फायली उतरवायच्या, उलगडायच्या, जुन्यांच्या जागी बसवायच्या. मग अँटिव्हायरस त्या चाळणार, शोधासाठीची सूची नव्याने बनणार. त्यातच 4 जीबी रॅम भरली की तिच्यातला ऐवजही विंडोज याच डिस्कवर नेऊन ठेवतं. सगळ्या गावाची रांग एकाच खिडकीवर! म्हणून अपडेटनंतर लॅपटॉप तास-दोन तास चार्जिंगला लावून नुसता चालू ठेवा; बरीचशी गर्दी आपोआप ओसरते. वैतागून मध्येच बटण दाबून बंद करू नका, नाहीतर तेच काम पहिल्यापासून सुरू होतं.

खरा इलाज एसएसडी. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्याच जागी बसते. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात हाती येतो. 256 जीबी पुरे. जमल्यास रॅम 8 जीबी करा, पण डीडीआर-थ्री-एल लागते की डीडीआर-फोर, हे आधी तपासून घ्या. 'पीसी बूस्टर' नावाने मिळणारी सॉफ्टवेअर मात्र चुकूनही टाकू नका. ती स्वतःच एक ओझं असतात.

आता विंडोजचं. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्यात बसत नाही. कुणी युक्तीने बसवून देतो म्हणालं तर माझा सल्ला नको असाच आहे. ब्राउझर, ईमेल, मराठी टायपिंग एवढंच काम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ती फुकट आहे, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिच्यात असतो आणि पेन ड्राइव्हवरून न बसवताही चालवून बघता येते. मात्र जुन्या श्रीलिपीतल्या फायली किंवा टॅली अडत असेल, तर मिंटवर जाऊ नका.

बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर लॅपटॉप लगेच बंद करून बॅटरी काढून घ्या. बाकी सगळं नंतर.

आणि डिस्क बदलायला देण्याआधी फोटो, पेन्शनचे कागद यांची प्रत दुसरीकडे काढा. जुनी डिस्क दुकानात सोडू नका, मागून घ्या.