लेथ उचलण्याआधी

बासर

चि. बाळ,

तुझा फोन आला तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं होतं, म्हणून आता निवांत लिहितो. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बंद शेडमध्ये हरिहरला बनलेलं किर्लोस्कर लेथ पाहिलंस, बेड घासलेला नाही, गिअर आवाज करत नाहीत, मालकही पाच-दहा हजार सोडायला तयार आहे. माल चांगला दिसतोय. भैंशाच्या जिनिंगवाल्यांचं शाफ्ट-रोलरचं काम इथे येतंच, तेव्हा मशीन रिकामं बसणार नाही. पण तू नुसत्या किमतीवर खूश झालास. भाडं, दोन्हीकडची हायड्रा क्रेन, वाराई, पाया, थ्री फेजचं कनेक्शन हे सगळं मिळवून बघ आणि मग स्वस्त की महाग ते ठरव.

दुसरं म्हणजे तू मला रस्त्याचीच काळजी सांगत होतास. सोलापूर, तुळजापूरचा घाट, लातूर, नांदेड. मशीन रस्त्यात फारसं मोडत नाही रे. ते मोडतं शेडमधून गाडीत चढताना आणि गाडीतून उतरताना. पैसे वाचवायचेच असतील तर मधल्या सहाशे किलोमीटरांत वाचव, दोन टोकांना हात आखडू नकोस.

उचलायच्या आदल्या दिवशी तू स्वतः हजर राहा. तेल आणि कूलंट काढून टाक. चक आणि मोटर उतरवून वेगळ्या पेटीत भर, गिअर आणि स्टेडी त्याच पेटीत. वायरिंग सोडण्याआधी मोबाइलवर फोटो घे. लेथचं वजन हेडस्टॉककडे जास्त असतं, तेव्हा कॅरेज आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला सरकवून बेड समतोल कर आणि तिथेच घट्ट लॉक कर. पट्टा बेडखालून घे. तो लीडस्क्रूवर किंवा फीड रॉडवर दाबला जाणार असेल तर मध्ये लाकडाचे ठोकळे घाल. मग हायड्रावाल्याला सांग, बोटभर उचल आणि थांब. सगळे बाजूला उभे राहून बघा. एक टोक खाली झुकलं तर उतरवा, पट्टा सरकवा, पुन्हा उचला. हायड्रावाला कुरकुर करतो, त्याला दुसरीकडे जायचं असतं. करू दे. धर्माबादकडच्या एका वर्कशॉपवाल्याचा लीडस्क्रू असाच घाईत वाकलेला मी पाहिलाय. मशीन फिरतं, पण आटे काढायच्या कामाचं राहिलं नाही.

लेथ अरुंद आणि वर जड असतं, ते सहज कलंडतं. म्हणून पायांना बोल्टने पायांपेक्षा रुंद लाकडी स्लीपर बांध आणि तसंच गाडीत ठेव. हेडस्टॉक केबिनकडे. लॅशिंग बेल्ट बेडला आणि पायांच्या बीडाच्या भागाला घाल, हँडलला कधीही नाही. तिथलं बारीक बीड वाकत नाही, तडकतं. आणि हरिहरचा कारखाना केव्हाच बंद झालाय, एक लिव्हर तुटली तर भंगारबाजार पालथा घालावा लागतो. बेडला ग्रीस थापून तेलकट कागद लाव, त्यावर ताडपत्री. नुसतं प्लास्टिक गुंडाळलंस तर आत दमट होऊन गंज धरतो. मिरज ओलांडली की गाडी थांबवून बेल्ट परत आवळायला सांग, पहिल्या टप्प्यात ते सैल पडतातच.

पार्ट लोडच्या मोहात पडू नकोस. भाडं निम्मं दिसतं, पण वाटेत गोदामात माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवतात. तिथे ना तू असतोस ना मी. त्यापेक्षा नांदेडकडून माल घेऊन आलेली परतीची आयशर शोध.

कागदांचं थोडक्यात सांगतो. माल 50,000 रुपयांच्या वरचा, म्हणून ई-वे बिल लागेल. दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते. गाडी बदलली तर नवा नंबर त्यात भरावा लागतो. मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवून मिळते. पत्त्यात जिल्हा निर्मल लिही. 2016 पासून आपण आदिलाबादमध्ये नाही, तरी जुन्या बिलांवरून लोक अजून तेच उतरवतात. बिल्टीवर किंमत मात्र नीट लिहून घे. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार जास्त जोखीम ठरवून घेतली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. विम्याचा कागद वाच. जुन्या मशीनच्या विम्यात गंज आणि आतला बिघाड बहुधा वगळलेला असतो.

आता शेडच्या जागेबद्दल. तू कोल्हापुरात आहेस म्हणून तिकडचीच एक आठवण करून देतो. 1910 मध्ये बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला लावली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना अख्खा कारखाना हलवावा लागला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली ती कुंडल रोड स्टेशनजवळ. माळ ओसाड होता, पण रेल्वे लागून होती. जड लोखंडाचा धंदा करणाऱ्याला जमिनीचा कस नंतर बघितला तरी चालतो, माल दारापर्यंत कसा येईल ते आधी बघावं लागतं. इथल्या तुझ्या शेडसाठी तू आतल्या गल्लीतली जागा पसंत केलीस, तिचं भाडं कमी आहे म्हणून. त्या गल्लीत हायड्रा वळत नाही. मी स्वतः जाऊन बघून आलो. मुधोळ रस्त्यावरची घे.

आपली माती काळी. पावसाळ्यात हायड्राचं चाक रुततं आणि पाइपावरून मशीन सरकवायला गेलं तर पाइपच जमिनीत जातो. म्हणून दिवाळीनंतर आण, आणि वसंत पंचमीच्या आत. पंचमीला देवळात मुलांच्या अक्षराभ्यासासाठी एवढी गर्दी लोटते की गाडी गावात शिरणं मुश्कील. पाया आधी भरून पुरता वाळू दे, मशीन आल्यावर खोदायला घेऊ नकोस. बसवल्यावर लेव्हल लाव आणि महिन्याभराने परत लावून बघ, काळ्या मातीवरचा पाया हलतो.

उतरवताना इशारा एकानेच करायचा. आपल्याकडे एक तेलुगूत ‘आपू’ ओरडतो, दुसरा मराठीत ‘थांब’ म्हणतो आणि तिसरा तेवढ्यात पहार रेटतो. तो इशारा मी करीन.

निघताना भरल्या गाडीची काटापावती आणि बिल्टी यांचे फोटो पाठव. गाडी नांदेड सोडून मुदखेडच्या रस्त्याला लागली की फोन कर. हायड्रा निजामाबादहून यायची, तिला वेळेवर सांगावं लागेल. वहिनींना नमस्कार सांग. टोकन द्यायच्या आधी मशीन एकदा लोडवर चालवून बघ.

तुझा,
काका