सही आली, पण यंत्र अंगठा मागते

आपल्या वर्गात नवा माणूस आला, की तो आधी एकच गोष्ट मागतो. "गुरुजी, सही शिकवा." बाकीची अक्षरे मागाहून आली तरी चालतील, पण अंगठा नको. ही हौस आजची नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मोठी माणसे पाटी घेऊन बसली. अंगठा सुटावा, म्हणून.

आता पुढचे ऐका. आमच्या वर्गात एक बाई आहेत. साठी उलटली आहे. सारा जन्म हातात खुरपे आणि विळा. चार महिन्यांत त्या सही करायला शिकल्या. मग रेशनच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "सही नको, मावशी. यंत्रावर अंगठा ठेवा."

मावशींनी अंगठा ठेवला. यंत्राने तो घेतला नाही. दुसरे बोट ठेवले. तिसरे ठेवले. ओळख पटत नाही, असे यंत्र सांगू लागले. अहो, दुकानदार त्यांना वीस वर्षे ओळखतो! पण तो म्हणाला, "सगळे ऑनलाइन आहे. माझ्या हातात काय?" कचेरीतही तेच उत्तर. दोन महिने मावशींच्या घरात रेशनचा दाणा आला नाही.

असे का होते? आपल्या बोटांच्या टोकांवर बारीक रेषा असतात. आधार काढताना त्या रेषांचा ठसा घेतलेला असतो. यंत्र नवा ठसा त्या जुन्या ठशाशी ताडून पाहते. पण माती, वीट, चुना, सिमेंट यांत काम करून रेषा झिजतात. वय झाले की कातडी कोरडी पडते. म्हणजे ज्याने जास्त कष्ट केले, त्याचेच बोट यंत्र नाकारते. आम्हांला हे फार लागते.

पण याला वाट आहे. आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये एक परिपत्रक काढले. अंगठा जुळला नाही, एवढ्यावरून कोणाचे धान्य अडवू नये, असा त्याचा अर्थ. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवता येते. मोबाइलवर येणाऱ्या आकड्यावरून पटवता येते. तेही जमले नाही, तर कागद पाहून, वहीत नोंद करून धान्य द्यावे. हे दुकानदाराला ठाऊक नसेल, तर तुम्ही सांगा.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. सातबाऱ्याचेच बघा. पूर्वी एका उताऱ्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा निघू लागला. तो पंधरा रुपयांत मिळतो. हे चांगलेच झाले. पण नवा रस्ता केला, म्हणून जुनी पायवाट नांगरून टाकायची काय? ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने चालायचे कोठून?

पेन्शनवाल्यांसाठी १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही सोय निघाली. हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो. बँकेतले साहेब आम्हांला दरवर्षी म्हणतात, "गुरुजी, मोबाइलवर करा की!" आम्ही म्हणतो, पाय चालतात तोवर आम्ही येऊन सही करणार. बँकेत जाऊन सही करण्याची रीत अजून चालू आहे. तेव्हा कोणी बळजबरी केली, तर घाबरू नका.

सेवा केंद्रात दाखला काढायला गेलात, तर दराचा फलक आधी वाचा. आता तुम्हांला वाचता येते! पैसे दिले की पावती घ्या. तिच्यावर अर्जाचा क्रमांक असतो. तो जपून ठेवा. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा झाला. त्या कायद्यात घेतलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे. मुदतीत काम झाले नाही, तर तीस दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अर्ज नाकारला, तर कारण लेखी मिळाले पाहिजे. "सर्व्हर बंद आहे" असे तोंडी सांगितले, तर तेही कागदावर मागा.

आणखी एक. मोबाइलवर आलेला आकडा, म्हणजे ओटीपी, फोनवर कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

मावशींनी शेवटी अर्ज केला. आम्ही नुसते शेजारी बसलो. लिहिले त्यांनीच. दोन संध्याकाळी गेल्या. तो अर्ज खाली देत आहोत. आपापल्या वहीत उतरून काढा.

"मा. तहसीलदार साहेब, पुरवठा शाखा, यांस,

माझ्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. म्हणून दोन महिने मला धान्य मिळाले नाही. माझे रेशनकार्ड खरे आहे. दुसऱ्या रीतीने ओळख पटवून मला धान्य द्यावे. दुकानदारास तसे लेखी कळवावे. मला उत्तर लेखी द्यावे."

खाली तारीख, गावाचे नाव, रेशनकार्डाचा क्रमांक आणि सही.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक कचेरीत द्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. याला पोच म्हणतात. कारकून म्हणेल, "पोच कशाला? ठेवून जा." मावशींनाही तो तसेच म्हणाला. त्या बाकावर बसून राहिल्या. अर्ध्या तासाने शिक्का मिळाला.