आधी कोणते बालक?

रुग्णाने केसपेपर काढावा, नंबर लावावा आणि पाळी येईपर्यंत थांबावे, ही रुग्णालयातील रूढ पद्धत होय. अत्यवस्थ बालकाच्या बाबतीत मात्र हीच शिस्त घातक ठरू शकते. जालना जिल्ह्यातील धावड्यासारख्या गावाहून आजारी मूल मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ वाटेतच जातो. त्यात रांगेतील प्रतीक्षेची भर पडू नये, यासाठी बालरुग्णांची अग्रक्रमाने निवड करणे अगत्याचे आहे. वैद्यकशास्त्रात या निवडीस ‘ट्रायेज’ असे म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली यासंबंधीची प्रशिक्षण पुस्तिका प्रसिद्ध केली. तीनुसार बालकांचे तीन गट पडतात.

१. तातडीचे : श्वास अडणे, तीव्र धाप, ओठ-जीभ निळसर पडणे, हात थंड व नाडी क्षीण आणि जलद होणे, बेशुद्धी, झटके, जुलाबामुळे आलेली ग्लानी व खोल गेलेले डोळे. अशा बालकावर तत्क्षणी उपचार सुरू व्हावेत.

२. अग्रक्रमाचे : दोन महिन्यांहून लहान अर्भक, तीव्र ताप, अतिशय फिकेपणा, विषबाधा, मोठे भाजणे, तीव्र कुपोषण, दोन्ही पावलांवर सूज. ही मुले रांगेत पुढे घ्यावीत.

३. उर्वरित : यांनी आपल्या पाळीची वाट पाहण्यास हरकत नाही.

या पद्धतीचा लाभ अनुभवसिद्ध आहे. आफ्रिकेतील मलावी देशात ब्लँटायर येथील रुग्णालयात दाखल झालेल्या बालकांपैकी १० ते १८ टक्के दगावत असत. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि बालरुग्ण विभागाची फेररचना यांनंतर हे प्रमाण ६ ते ८ टक्क्यांवर आले.

पहिली पाहणी अवघ्या काही क्षणांची असते. तीसाठी डॉक्टरच हवा असे नाही. परिचारिकेप्रमाणेच केसपेपर देणारा लिपिक किंवा दारावरचा पहारेकरी यांनाही धोक्याची लक्षणे ओळखण्यास शिकविता येते. केसपेपर नंतरही निघू शकतो. थांबलेला श्वास मात्र थांबत नाही.

रुग्ण कल्याण समितीवरील सदस्यांनी आपल्या रुग्णालयात अशी व्यवस्था आहे किंवा कसे, याची विचारणा करावी. शिक्षकांनी ही लक्षणे पालकांना समजावून द्यावीत आणि प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनाविलंब बोलवावी. रांगेचा न्याय सर्वांना सारखा असतो. परंतु जीव धोक्यात असलेल्या बालकास पुढे वाट देणे, हाच खरा न्याय होय.