उघड्या फांदीला डोळे फुटतात कुठून?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहते. माझ्याकडे हॉर्नबीमचा जुना बोन्साय आहे. पानं सगळी फांद्यांच्या टोकाला आणि आतला भाग उघडाबोडका. इथले जाणकार म्हणतात, जुन्या लाकडापर्यंत बिनधास्त काप, आतून फुटेल. माहेरी द्राक्षबाग असल्यामुळे खरड छाटणी मला नवी नाही. पण जिथे एकही डोळा दिसत नाही, तिथे फुटवा येणार कुठून? आणि झाडच गेलं तर?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : डोळा दिसत नाही म्हणजे तो नाही, असं नव्हे. पानाच्या बेचक्यात डोळा तयार होतो, पण सगळेच डोळे फुटत नाहीत. उरलेले सालीत सुप्त राहतात आणि फांदी जाड होत जाते तसे तिच्याबरोबर बाहेर सरकत राहतात. हॉर्नबीममध्ये ते भरपूर असतात. पाइनच्या जुन्या उघड्या फांदीवर मात्र हा प्रयोग सहसा फसतो.

या डोळ्यांना अडवतो शेंडा. वाढत्या शेंड्यातलं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरतं आणि खालचे डोळे दबून राहतात. १९३०च्या दशकात थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी हे रोपांवर दाखवून दिलं. शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटायचे. कापलेल्या टोकाला ऑक्झिन लावलं की फुटायचे थांबायचे.

हॉर्नबीमचा चिवटपणा पाहायचा तर लंडनलगतच्या एपिंग फॉरेस्टमध्ये एक चक्कर मारा. गुरांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर या झाडांची माथी छाटून लोक सरपण नेत. दर काही वर्षांनी छाटणी, पुन्हा फुटवा, असं शतकानुशतकं चाललं. १८७८च्या कायद्यानंतर ती प्रथा संपली. तशी छाटलेली जुनी झाडं अजून तिथे उभी आहेत.

पण छाटणी झाडाला ताकद देत नाही, फक्त अडसर काढते. फुटव्याचं भांडवल आदल्या उन्हाळ्यात पानांनी कमावून मुळांत आणि खोडात साठवलेलं असतं. म्हणून खरी तयारी आधीच्या वर्षी होते : झाड मोकळं वाढू द्या, खत द्या, शेंडे खुडू नका. वाढ जोमदार दिसली तरच पुढे कापा. कुंडी बदलणं आणि ही छाटणी एकाच हंगामात करू नका. मुळांवर आणि फांद्यांवर एकदम घाव नको.

द्राक्षाची खरड छाटणी आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात होते. हॉर्नबीमची वेळ वेगळी. ते हिवाळ्यात पानं गाळून विश्रांती घेतं. तुमच्याकडे फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला, डोळे फुगण्याआधी कापा. पालवी फुटल्यावर कापलंत तर साठा पानांत खर्च झालेला असतो.

कापताना थोडा खुंट ठेवा. कापल्या जागेपासून लाकूड काही अंतर मागे वाळतं. नवा फुटवा कुठे येतो ते कळल्यावर उरलेला खुंट पुढे काढता येतो. मोठ्या जखमेला मलम लावा. सगळ्यात घातक चूक म्हणजे खालची फांदी पूर्ण उघडी करून माथा तसाच ठेवणं. अशा वेळी झाड सगळा जोर वर लावतं आणि खालची फांदी वाळू देतं. माथा जास्त कापा, खालच्या फांद्या कमी.

नंतर पाणी जपून द्या, कारण पानं नसल्यामुळे झाड कमी पाणी पितं. फुटवे दिसायला काही आठवडे लागू शकतात, तोवर झाड उपटून पाहू नका. एका जागी झुपका आला तर हवे ते एक-दोन राखा आणि बाकीचे काढा, नाहीतर तिथे गाठ होते. राखलेले फुटवे सहा-आठ पानांपर्यंत वाढू द्या, मग दोन पानांवर आणा.

झाड गेल्या वर्षी मलूल होतं का? मग यंदा कात्री बाजूला ठेवा आणि खतपाण्याकडे बघा.