काटा खोटे बोलतो तेव्हा

अमेरिकेच्या मध्यभागी शेकडो मैल पसरलेली सपाट मैदाने आहेत. गव्हाची व मक्याची शेते क्षितिजाला जाऊन भिडतात आणि त्यांच्यामधून सरळ, निर्जन रस्ते धावतात. एका गावापासून दुसरे गाव दूर. पेट्रोलचा पंप कधी त्याहूनही दूर. हिवाळ्यात तेथे थंडी इतकी कडक पडते की, वाटेत गाडी बंद पडली, तर चालकाच्या जिवावरच बेतावे. म्हणून १९७० व १९८० च्या दशकांत तेथील शेतकऱ्यांच्या लहान मालमोटारींना पुष्कळदा दोन टाक्या असत. एक टाकी संपली की चालकाने समोरचा खटका फिरवावा आणि दुसऱ्या टाकीतील पेट्रोलवर गाडी पुढे न्यावी, अशी ही सोय होती.

टाक्या दोन असल्या, तरी पेट्रोल किती आहे हे दाखवणारा काटा मात्र एकच असे. खटका ज्या टाकीकडे वळवावा, त्या टाकीची खबर काटा देई. या काट्यावर चालकाचा सारा भरवसा. पण एखाद्या दिवशी काटा विचित्र वागू लागतो. खटका पुढच्या टाकीकडे असताना तो बरोबर चालतो; मागच्या टाकीकडे वळवताच तो 'रिकामी' या खुणेवर जाऊन पडतो, मग ती टाकी आदल्या दिवशीच का भरलेली असेना! अशा वेळी काय करावे?

उतावळा कारागीर काटा बदलतो. गुण आला नाही की तार बदलतो. शेवटी टाकी खाली उतरवतो. त्यात पैसा जातो, वेळ जातो आणि खरा दोष कधीकधी जागच्या जागीच राहतो. शहाणा कारागीर आधी हत्यार उचलत नाही. तो आधी प्रश्न विचारतो. परंतु योग्य प्रश्न विचारण्यासाठी काट्याची रचना ठाऊक असावी लागते.

टाकीत एक पोकळ तरंगा असतो. पेट्रोल वाढले की तो वर चढतो, कमी झाले की खाली उतरतो. तरंग्याला जोडलेला दांडा वर-खाली होताना विजेच्या वाटेतील रोध कमी-अधिक करतो. पाटाचे दार उघडावे तसे पाणी अधिक वाहते आणि लोटावे तसे कमी वाहते. येथेही तसेच घडते. फोर्ड कंपनीच्या १९८६ पर्यंतच्या मालमोटारींत टाकी भरलेली असताना हा रोध सुमारे १० ओहम असे व रिकामी असताना सुमारे ७३ ओहम. रोध कमी, तर प्रवाह अधिक आणि काटा वर. रोध अधिक, तर प्रवाह कमी आणि काटा खाली. वीज काट्याकडून खटक्यात, खटक्यातून तारेने टाकीकडे, तेथे तरंग्याच्या यंत्रातून आणि शेवटी गाडीच्या लोखंडी चासीत, असा तिचा प्रवास असतो. ही वाट कोठेही तुटली की प्रवाह थांबतो आणि काटा 'रिकामी'वर पडतो.

शेव्हरोले कंपनीच्या त्या काळातील अनेक गाड्यांत मात्र याच्या उलट रीत होती. तेथे रिकाम्या टाकीचा रोध जवळजवळ शून्य आणि भरलेल्या टाकीचा सुमारे ९० ओहम. त्यामुळे तार तुटली, तर फोर्डचा काटा 'रिकामी' म्हणे आणि शेव्हरोलेचा 'भरलेली'. पहिल्या खोट्याने चालक सावध होतो. दुसऱ्या खोट्याने तो फसतो. म्हणून तपासणीपूर्वी समोरच्या गाडीची रीत जाणून घेणे अगत्याचे असते.

आता फोर्डच्या त्या मालमोटारीकडे पाहावे. पहिला प्रश्न असा, की काटा खरोखरच खोटे बोलत आहे काय? 'रिकामी' म्हणवणाऱ्या टाकीत पेट्रोल ओतावे. चार-पाच लिटर जाताच टाकी तोंडापर्यंत भरली, तर काटा खोटा ठरला. पण टाकीत पुष्कळ पेट्रोल मावले, तर काटा बिचारा खराच होता. पेट्रोल कोठे गेले, याचाच शोध घ्यावा लागेल. आरोपीला शिक्षा देण्यापूर्वी तो अपराधी आहे की नाही, हे पाहणे न्यायाचे आहे.

दुसरा प्रश्न असा, की पुढच्या टाकीवर काटा ठीक चालतो काय? चालत असेल, तर काटा आणि त्याला मिळणारी वीज ही दोन्ही निर्दोष ठरतात. एक खटका फिरवला आणि अर्धे कोडे सुटले! निरोगी टाकी ही येथे साक्षीदार होते.

तिसरा प्रश्न खटक्याविषयी. मागच्या टाकीची तार खटक्यावरून सोडवून तिच्या जागी १० ओहमचा रोधक लावावा व त्याचे दुसरे टोक चासीला जोडावे. काटा 'भरलेली'वर चढला, तर खटकाही निर्दोष. येथे रोधकाशिवाय तार सरळ चासीला टेकवू नये. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढून काट्याचे नाजूक यंत्र जळण्याची भीती असते.

आता उरली तार, तरंग्याचे यंत्र आणि चासीशी असलेला जोड. टाकीजवळ तार सोडवून तरंग्याच्या यंत्राचे टोक व चासी यांमधील रोध मोजावा. भरलेल्या टाकीत तो सुमारे १० ओहम आला, तर यंत्र चांगले आहे; दोष तारेत शोधावा. ७३ ओहमच्या जवळ आला, तर तरंगा छिद्र पडून बुडाला आहे किंवा दांडा अडकला आहे. आणि मापक काहीच प्रवाह दाखवीत नसेल, तर वाट तुटलेली आहे. मग हाच रोध चासीऐवजी यंत्राच्या स्वतःच्या जोडतारेपर्यंत मोजावा. तो १० ओहम आला, तर गुन्हेगार सापडला: जोडतार चासीला जेथे बसते, तेथे गंज चढला आहे!

बर्फ वितळावा म्हणून थंड प्रदेशांत रस्त्यांवर मीठ टाकतात. ते गाडीच्या तळाला लागते आणि लोखंड गंजते. तो जोड काचकागदाने घासून चकचकीत केला आणि नट घट्ट आवळला की काटा पुन्हा खरे बोलू लागतो. नवी टाकी नको, नवा काटाही नको.

हे काम मात्र जाणत्या कारागिराचेच आहे. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेट घेते. म्हणून टाकीजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवतात आणि आग जवळ येऊ देत नाहीत.

काटा नादुरुस्त असेल, तर इंधन दुसऱ्या रीतीने मोजता येते. पण त्या मोजमापाचीही तितकीच कसून तपासणी व्हावी लागते. याची साक्ष याच मैदानांच्या उत्तर टोकाला, कॅनडात मिळाली. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोईंग ७६७ जातीचे विमान मॉन्ट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. विमानाचे इंधनदर्शक बंद पडले होते. म्हणून टाक्यांतील इंधन हाताने मोजले गेले. विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. पण लिटरांचे वजन काढताना किलोग्रॅमऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला. परिणामी हवे त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले. सुमारे ४१,००० फूट उंचीवर असताना इंधन संपू लागले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने थांबली. वैमानिक रॉबर्ट पिअर्सन यांना बिनइंजिनाचे ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी व सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते अवजड विमान तरंगत नेऊन गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले. ६९ जणांपैकी एकाचाही प्राण गेला नाही.

त्या दिवशी बंद काट्याने कोणाला फसवले नव्हते; तो तर मुकाच होता. फसवले ते न तपासलेल्या आकड्याने. मालमोटार असो की विमान, काटा जे सांगतो ते मुकाट्याने मानू नये आणि रागाने फेकूनही देऊ नये. त्याला प्रश्न विचारावा, दुसऱ्या मापाशी ताडून पाहावे आणि दोष एकेक पायरीने जवळ आणावा. असे करणाऱ्याला कोड्याचे उत्तर थोड्या श्रमांत मिळते आणि वाटेवरच्या माणसांचे प्राणही सुरक्षित राहतात.

स्वाध्याय

१. मालमोटारींना दोन टाक्या का बसवीत असत?
२. तरंगा वर गेला की काटा वर का जातो, ते पाटाच्या दाराचे उदाहरण देऊन सांगा.
३. 'निरोगी टाकी ही येथे साक्षीदार होते', असे का म्हटले आहे?
४. फोर्ड आणि शेव्हरोले यांच्या काट्यांपैकी कोणाचे खोटे अधिक घातक? कारणे द्या.
५. घरातील एखादा दिवा लागत नसेल, तर दोष शोधण्यासाठी कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचाराल, ते लिहा.