घर बांधण्याआधी घराची परीक्षा
(वास्तुकलेतील सदृशीकरण : एक अभ्यास)

घर म्हटले की पाया, भिंती आणि छप्पर एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु घरात राहणाऱ्याला रोज अनुभव येतो तो उन्हाचा, वाऱ्याचा आणि उजेडाचा. भिंत चुकली तर ती पाडून पुन्हा बांधता येते. पण अख्खी इमारतच दुसऱ्या इमारतीला खेटून उभी राहिली, तर तिच्या खालच्या मजल्यावर पुढची पन्नास वर्षे वारा येत नाही. मग इमारत बांधण्यापूर्वीच ती राहण्याजोगी होईल की नाही, हे कळण्याचा काही मार्ग आहे काय? या प्रश्नाचा शोध घेणारी एक ज्ञानशाखा आज वास्तुकलेत पीएच.डी.च्या अभ्यासाचा विषय झाली आहे. इंग्रजीत तिला सिम्युलेशन म्हणतात. मराठीत सदृशीकरण म्हणता येईल. मी कला शाखेची, भूगोलाची विद्यार्थिनी. वास्तुकला हा माझा विषय नव्हे. तरीही हा विषय आपल्यापासून दूर नाही, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

मूळ कल्पना जुनीच आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील, १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था धरणांच्या, नद्यांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृती उभारते, त्यांत पाणी सोडते आणि खऱ्या ठिकाणी काय घडेल याचा अंदाज बांधते. सदृशीकरणात हेच काम संगणकात, आकड्यांच्या साहाय्याने होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००१ साली ‘एनर्जीप्लस’ नावाचा प्रोग्रॅम खुला केला; तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. खोलीची लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, छपराचे साहित्य, खिडक्यांची दिशा आणि त्या गावाचे हवामान एवढी माहिती त्याला पुरवली, की वर्षाच्या ८७६० तासांतील प्रत्येक तासाचा हिशेब तो मांडतो. ऊन किती आत आले, पत्र्यातून उष्णता किती झिरपली, माणसांच्या अंगाची व चुलीची किती भर पडली, वाऱ्याने किती बाहेर नेली, अशी ही जमाखर्चाची वहीच असते. वाऱ्याचा अभ्यास करायचा तर खोलीतील हवेचे हजारो बारीक चौकोन कल्पून प्रत्येकातील वेग व दाब काढतात. उजेडासाठी आणखी निराळे प्रोग्रॅम आहेत.

हे सारे गणित खरे कशावरून? यासाठी संशोधक प्रत्यक्ष घरात तापमापक ठेवतात व मोजलेले आकडे संगणकाच्या आकड्यांशी ताडून पाहतात. दोहोंचा मेळ बसला, तरच पुढची उत्तरे ग्राह्य धरतात.

या अभ्यासाचे मोल समजण्यासाठी फार लांब जायला नको. मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागात, म्हणजे एम-पूर्व विभागात, लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पी.एम.जी. कॉलनी अशा तीन पुनर्वसन वसाहती आहेत. तेथील घरांची रचना आणि क्षयरोग यांचा संबंध संशोधकांनी तपासला. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. तिसरीत अंतर अधिक आहे. घरोघरी जाऊन केलेली पाहणी आणि उजेड-वाऱ्याचे सदृशीकरण यांची सांगड घातल्यावर दिसले, की दाटीच्या वसाहतींत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, हवा व प्रकाश अपुरा पडतो आणि क्षयरोगाचे प्रमाणही तिथेच अधिक आहे. क्षयाला कुपोषण, गर्दी, धूर अशी इतरही कारणे असतात. तेव्हा केवळ इमारतीलाच दोष देणे शास्त्रीय ठरणार नाही. पण झोपडी सोडून पक्क्या घरात गेलेल्या माणसाला तेच घर आजारी पाडू शकते, हा धडा लहान नाही.

आता आमच्या टेमघरकडे वळू. भिवंडीतील या भागाचे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते पाण्यामुळे. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी येथे शुद्ध होऊन पुढे जाते. आम्हा रहिवाशांना मात्र ते घामामुळे अधिक ठाऊक आहे! भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. पुष्कळ घरांवर सिमेंटचे वा लोखंडी पत्रे, आणि हवामान उष्ण व दमट. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. उष्ण-दमट प्रदेशात घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, इतकी उघडणारी जागा असावी, असे ती सांगते. तीनशे चौरस फुटांच्या घराला हे प्रमाण पन्नास चौरस फूट पडते. दोन काचांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. म्हणून चार फूट बाय चार फुटांची अशी खिडकी हिशेबात आठच चौरस फूट धरायची. वाचकांनी आपापल्या घराचा हिशेब करून पाहावा. मात्र ही संहिता पाचशे चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी आहे. आमच्या गल्लीतील घरे तिच्या कक्षेत येतच नाहीत.

येथेच मला या विषयातील खरी उणीव दिसते. संगणकाला भिंतीची जाडी सांगता येते; पण घरात कोण, केव्हा असते, खिडकी केव्हा उघडते, हेही सांगावेच लागते. सर्वसाधारणपणे असे धरतात, की माणसे दिवसा कामावर जातात व रात्री घरी झोपतात. माझे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. ते झोपतात सकाळी नऊ ते दुपारी तीन, म्हणजे पत्रा सर्वांत तापलेला असतो नेमक्या त्या वेळी. त्यांच्यासारखी किती तरी माणसे आमच्या वस्तीत आहेत. रात्रीची खोली थंड करणारी योजना कागदावर उत्तम ठरेल. पण त्यांच्या झोपेला तिचा काय उपयोग? खिडकीचेही तसेच. शेजारच्या बायकांना मी विचारले, तर कोणी सांगितले की मागांवरून उडणारे सुताचे तंतू आत येतात, कोणी डासांचे कारण सांगितले, तर कोणी म्हणाली, “समोरच्या दारातून सरळ आतलं दिसतं, मग उघडणार कशी?” खिडकी मोठी केली आणि ती बंदच राहिली, तर गणितातील वारा गणितातच राहील. आईने सारे ऐकून विचारले, “हे विचारायला आजवर कुणी आलं होतं का गं?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे निव्वळ वास्तुविशारदाचे काम नाही. या विषयात पीएच.डी.ला जाण्याची वाट सहसा लांबची असते : बी.आर्क.ची पाच वर्षे, एम.आर्क.ची दोन, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची किमान तीन ते कमाल सहा. आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांना ती सहसा परवडत नाही. परंतु संशोधनाला जी माहिती हवी, ती गोळा करण्याचे शिक्षण आपल्याला आपल्याच वर्गांत मिळते. भूगोलाचा विद्यार्थी तापमान व वाऱ्याच्या नोंदी ठेवू शकतो; समाजशास्त्राचा विद्यार्थी घरोघरी पाहणी करू शकतो; अर्थशास्त्राचा विद्यार्थी पंख्याच्या वीजबिलाचा आणि बुडालेल्या पाळीचा हिशेब मांडू शकतो. आणि दार उघडणाऱ्या मावशींशी त्यांच्या बोलीत बोलणे तर आपल्याला शिकवावेही लागत नाही.

म्हणून प्राध्यापकवर्गास माझी नम्र सूचना आहे, की भूगोल व समाजशास्त्र विभागांनी मिळून येत्या उन्हाळ्यात कॉलेजच्या आसपासच्या काही घरांची अशी पाहणी हाती घ्यावी. साधा तापमापक, एक वही आणि दिवसातून चार नोंदी एवढ्यावर सुरुवात होऊ शकेल. त्या नोंदी पुढे एखाद्या संशोधन संस्थेकडे गेल्या, तर संगणकातल्या घरात रात्रपाळीचा कामगारही दिवसा झोपलेला दिसेल, आणि त्याच्या डोक्यावर कोणते छप्पर असावे याचा विचार निदान सुरू तरी होईल.